घरंगळणाऱ्या संत्र्याचं वाढदिवसाचं कार्ड: शिक्के आणि डाय पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

हातात धरून जरा तिरकं केलं की झाडाखालचं संत्रं गोल गोल फिरत टोपलीकडे घरंगळत जातं, असं हे कार्ड आहे. बॅटरी नाही, स्प्रिंग नाही. कागदात एक तिरपी खाच, खाचेच्या पुढे-मागे एकेक नाणं (पुढच्यावर संत्र्याचं चित्र) आणि दोन्ही नाण्यांना जोडणारा फोमचा बारीक तुकडा, एवढ्यावर सगळं चालतं. नागपूरच्या कार्डावर संत्रं शोभतं हे खरंच, पण ते निवडण्यामागे तांत्रिक कारणही आहे. गोल चित्र कितीही वेढे घेऊन थांबलं तरी उलटं दिसत नाही. तिथे बाळाचा चेहरा किंवा नाव लावलं, तर दहापैकी आठ वेळा ते वाकडं नाहीतर डोक्यावर उभं राहिलेलं दिसेल.

नवीन माणूस बहुतेक वेळा उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी शिक्के मारतो, रंगवतो, पानं चिकटवतो आणि शेवटी खाच कापतो. मग संत्रं अडकतं आणि तीन तासांची मेहनत वाया जाते. म्हणून आधी साध्या कागदावर हालचाल जमवा. संत्र्याची वाट मोकळी झाली की मगच सजावटीला हात घाला.

काय काय लागेल

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आयव्हरी शीट घ्या. तो गुळगुळीत असतो, शिक्का स्वच्छ उठतो आणि नाण्यांच्या वजनाने वाकत नाही. शाळेत वापरतात तो कार्टरिज पेपर या कामाला पातळ पडतो. नागपुरात बर्डी, महाल किंवा इतवारीतल्या स्टेशनरीच्या दुकानात आयव्हरी शीट मागितलं तर मोठा ताव मिळतो. तो ए४ मापात कापून घ्या. एका कार्डाला दोन ए४ कागद पुरतात आणि चाचणीसाठी एक जास्तीचा ठेवा. पानांसाठी हिरव्या रंगाच्या दोन छटांचे थोडे जाड कागद घ्या.

फोम टेप २ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंनी चिकटणारा. सगळ्या सामानात जाडी बघून घ्यायची वस्तू हीच. १ मिमीचा मिळाला तर दोन थर द्यावे लागतील.

एक रुपयाची दोन सारखी नाणी. वेगवेगळ्या वर्षांची एक रुपयाची नाणी आकाराने एकसारखी नसतात, तेव्हा दोन्ही एकावर एक ठेवून कड बोटाने तपासा. पुढची मापं साधारण २२ मिमीच्या नाण्यासाठी आहेत. नाण्याऐवजी वॉशर वापरायचा असेल तर मधल्या भोकावर आधी पुठ्ठ्याची चकती चिकटवा, नाहीतर फोम नेमका जिथे धरायला हवा तिथेच त्याला पकड मिळत नाही.

याशिवाय कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, रिफिल संपलेलं बॉलपेन, हातोडीने ठोकायचे ८ मिमी आणि ६ मिमीचे गोल पंच (हार्डवेअरच्या दुकानात चामड्याला भोक पाडायचे म्हणून मिळतात), फेव्हिकॉल, थोडी टाल्कम पावडर आणि मऊ ब्रश. ऑफिसातला पंच इथे कामाचा नाही. तो कागदाच्या कडेपासून फार आत पोहोचत नाही आणि आपल्याला भोक पाडायचं आहे मधोमध.

डायचं मशीन नसेल तरी कार्ड होतं. डाय म्हणजे आकाराच्या कडेला धार असलेली पातळ लोखंडी चौकट. मशीनच्या दोन रोलरांमधून ती कागदासह दाबून काढली की आकार कापून बाहेर येतो. पाच-दहा कार्डं करायची असतील तर ३ सेंमी व्यासाची गोल डाय आणि एक पानाची डाय एवढंच घ्या. एकाच कार्डासाठी कात्री पुरते.

खाच आणि उतार

ए४ कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापा. २९.७ × १०.५ सेंमीच्या दोन पट्ट्या मिळतील. एका पट्टीवर बरोबर १४.८५ सेंमीवर स्टीलची पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने दोनदा रेघ ओढा आणि मग घडी घाला. रेघ न ओढता जाड आयव्हरीची घडी घातली तर पृष्ठभाग तडकतो आणि घडीवर पांढरे भेगाळलेले तुकडे दिसतात. हे झालं मूळ कार्ड, डावीकडे घडी असलेलं. वरच्या बाजूला घडी ठेवू नका. पुढचा भाग नाण्यांमुळे जड असतो आणि तसं कार्ड टेबलावर उभं केलं की पाय पसरत जातं.

दुसऱ्या पट्टीतून १४.२ × ९.९ सेंमीचं पुढचं पॅनल कापा. चारही बाजूंनी मूळ कार्डाची ३ मिमीची किनार दिसत राहील.

आता पॅनलवर पेन्सिलने दोन ठिपके द्या. पहिला डाव्या कडेपासून ३.५ सेंमी आणि वरून ३.८ सेंमी. दुसरा डाव्या कडेपासून ११ सेंमी आणि वरून ५.३ सेंमी. म्हणजे ७.५ सेंमी पुढे जाताना वाट १.५ सेंमी खाली उतरते, दर ५ सेंमीला १ सेंमी. याहून सपाट ठेवलं तर संत्रं मधेच रेंगाळतं. फार उभं केलं तर ते धाडकन जाऊन आपटतं आणि फिरताना दिसतच नाही, मग गंमत काय राहिली!

दोन्ही ठिपक्यांवर ८ मिमीचा पंच ठेवून ठोका. खाली लाकडी फळी किंवा जुनं जाड पुस्तक ठेवा, कटिंग मॅट नको, ती कायमची खराब होते. मग दोन्ही भोकांच्या वरच्या कडा आणि खालच्या कडा जोडणाऱ्या दोन रेघा पट्टी धरून कटरने कापा. पातं नवं हवं. एकाच दाबात कापू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. खालची कड सर्वांत महत्त्वाची, कारण संत्रं तिच्यावरूनच चालणार आहे. भोक आणि रेघ जिथे भेटतात तिथे बारीकसा दात उरतो. नखाने चाचपा, लागला तर नखांच्या कानसीने घासून काढा.

लांबट खाचेची तयार डाय मिळाली तर ती मशीनमध्ये थोडी तिरकी ठेवा. रोलरला समांतर ठेवली तर लांब धारेवर सगळा दाब एकदम येतो आणि मधला भाग नीट कापला जात नाही.

फोमचा तुकडा

संत्रं फिरतं ते या तुकड्यामुळे. तो खाचेच्या खालच्या काठावर टेकून चाकासारखा चालतो आणि दोन्ही बाजूंच्या नाण्यांचं वजन त्याला पुढे ढकलतं. ८ मिमीच्या खाचेला ६ मिमी व्यासाचा गोल तुकडा बरोबर बसतो आणि या वाटेत तो जवळपास ४ वेढे घेतो.

६ मिमीच्या पंचाने फोम टेप ठोकून गोल पाडा. पंच नसेल तर कात्रीने चौकोन कापा, पण ६ मिमीचा नाही. ६ मिमीच्या चौकोनाचा कर्ण साधारण ८.५ मिमी भरतो. तो ८ मिमीच्या खाचेत सरकेल, पण फिरणार नाही. ५ मिमीचा चौकोन कापून चारही कोपरे छाटा. याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. चित्र न फिरता सरळच सरकायला हवं असेल, समजा स्कूटर किंवा रेल्वेचा डबा, तर ७ × १५ मिमीचा लांबट तुकडा लावा. त्याला खाचेत गिरकी घ्यायला जागाच उरत नाही.

नाणी आधी सॅनिटायझरने पुसून वाळवा. हातोहात फिरलेल्या नाण्यावर तेलकट थर असतो आणि त्यावर फोम दोन दिवसांत सुटतो. नाण्याचा मध्य शोधायला कागदावर नाणं गिरवा, ते वर्तुळ कापा आणि दोनदा घडी घाला. घड्या जिथे छेदतात तो मध्य. त्या कागदाला तिथे टाचणी टोचून नाण्यावर ठेवा आणि खूण करा. फोम मध्यावरून १ मिमी जरी सरकला तरी नाण्याची एक बाजू जड होते, ती बाजू खाली आली की संत्रं तिथेच थबकतं. वाटेत एकाच प्रकारे डुलून थांबणारं संत्रं दिसलं की दोष इथेच समजा, उतारात नाही.

फोम लावलेलं नाणं पॅनलच्या मागून खाचेत घाला. पुढून दुसरं नाणं चिकटवा आणि दोन्हींच्या कडा बोटांनी फिरवून एका रेषेत आणा. आता ब्रशने टाल्कम पावडर फोमच्या उघड्या कडेला लावा. फोमची बाजूसुद्धा चिकट असते हे लक्षात येत नाही आणि बिघडलेल्या कार्डांपैकी बरीच याच एका कारणाने बिघडलेली असतात. जास्तीची पावडर फुंकून टाका.

पॅनल हातात उभं धरा आणि वीस वेळा इकडून तिकडे घालवा. सगळ्या वीस वेळा बिनतक्रार गेलं तरच पुढे जा. हे सगळं चाचणीच्या कागदावर जमलं की चांगल्या कागदावर फक्त खाच कापा आणि नाणी बाजूला ठेवा. आधी शिक्के मारायचे आहेत.

शिक्के

तयार पारदर्शक शिक्के ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात. नव्या शिक्क्यावर कारखान्यातला तेलकट पापुद्रा असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबांत गोळा होते. पहिल्या वापराआधी पांढऱ्या खोडरबराने शिक्क्याचा पृष्ठभाग हलकेच घासा, चकाकी जाऊन तो किंचित मंद दिसू लागला की पुरे.

मजकुरासाठी मात्र मराठी शिक्का शोधत बसण्यापेक्षा करून घेतलेला बरा. रबरी शिक्के करून देणारी दुकानं कोर्ट-कचेऱ्यांच्या आसपास हमखास सापडतात. ७ × २ सेंमीच्या मापात, दोन ओळींत: वर ‘वाढदिवसाच्या’, खाली ‘हार्दिक शुभेच्छा’. मजकूर सरळ द्या, उलटं करायचं काम दुकानदाराचं. अक्षराची उंची काना-मात्रा सोडून निदान ६ मिमी ठेवा आणि टंक मध्यम जाडीचा निवडा. फार जाड टंकात ‘च्छा’च्या आतल्या फटी शाईने भरून जातात आणि तिथे एक काळा डाग उठतो. ‘भ’ची गाठ आणि ‘र्दि’चा रफारही तसाच गचका खातात. छापायला देण्याआधी ‘हार्दिक’मधली वेलांटी ऱ्हस्व आहे ना, हे कागदावर वाचून बघा. रबरावर दीर्घ गेली की ती प्रत्येक कार्डावर दीर्घच येणार.

पान आणि फुलासारखे साधे आकार खोडरबरावर स्वतः कोरता येतात. कटरची धार आकारापासून बाहेरच्या बाजूला तिरकी धरा, म्हणजे आकाराचा पाया रुंद राहतो. पातं आत झुकलं तर पाया पोखरला जातो आणि दोन-चार ठशांतच कड दुमडते.

शाई कोणती हे तुम्ही रंगवणार कशाने यावर ठरतं. जलरंग किंवा पाण्याचे स्केचपेन वापरणार असाल तर बाह्यरेषा पाण्याने न फुटणाऱ्या शाईची हवी. रंगीत पेन्सिली असतील तर कुठलीही चालेल. अल्कोहोलच्या मार्करसाठी अल्कोहोलने न पसरणारी शाई लागते, ती पॅडवर तसं लिहून येते. ऑफिसातल्या जांभळ्या स्टॅम्प पॅडचा मोह टाळा. गुळगुळीत आयव्हरीवर ती शाई लवकर वाळत नाही आणि बाहीचा धक्का लागला की पसरते.

ठसा उठवताना कागदाखाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या किंवा माऊस पॅड ठेवा. शाईचं पॅड शिक्क्यावर टिपायचं, शिक्का पॅडवर दाबायचा नाही. तसा दाबला की कडांना शाई लागते आणि अक्षराभोवती भुताटकीसारखी सावली उठते. शिक्का सरळ खाली टेकवा, तळहाताने तीन मोजेपर्यंत दाबा, सरळ वर उचला. डोलवू नका. काम झालं की ओल्या कापडाने पुसा. पारदर्शक शिक्क्याला टर्पेंटाइन लावू नका.

पॅनलवर ठसे असे उठवा: टोपली उजवीकडे खाली, तिचा वरचा काठ पॅनलच्या वरच्या कडेपासून ७ सेंमीवर. संत्रं दुसऱ्या टोकाला पोहोचलं की ६.८ सेंमीपर्यंत खाली येतं, म्हणजे ते टोपलीच्या तोंडाशी टेकल्यासारखं दिसेल. मजकूर डावीकडे खाली, ७.२ ते ९.३ सेंमीच्या पट्ट्यात. झाडाचं खोड अगदी डाव्या कडेला, पहिल्या दीड सेंमीत.

संत्र्याचा रंग

बहुतेक जण गोल काढतात आणि एकसारखा भगवा भरतात, त्याचा चेंडू होतो. नागपुरी संत्रं वर-खाली जरा दबलेलं असतं, साल सैल असते आणि देठाजवळ बहुधा हिरवट छटा असते. ३ सेंमीच्या चकतीत आधी सगळीकडे फिकट पिवळा द्या. त्यावर नारंगी, पण डावीकडे वर एक डाळीएवढी जागा पिवळीच सोडा. खालच्या कडेला गडद नारंगीची चंद्रकोर. देठाभोवती हिरव्या पेन्सिलीने अगदी हलकी, बाहेर विरत जाणारी छटा. शेवटी सुईच्या बोथट टोकाने सालीवर वीस-पंचवीस ठिपके दाबा. उजेडात तिरकं धरलं की सालीचा खरखरीतपणा दिसतो. एवढ्या लहान चकतीवर या पाच मिनिटांचं चीज होतं.

डायने चकती आणि पानं कापताना मशीनसोबतची प्लेट, कागद, धारेची बाजू खाली ठेवून डाय आणि वर दुसरी प्लेट असा थर लावा. डाय सरकू नये म्हणून मास्किंग टेपचा तुकडा लावा, पण आधी तो कपड्यावर एकदा चिकटवून काढा. चिकटपणा कमी झाला नाही तर टेप काढताना कागदाची साल निघते. कापणं अर्धवट राहिलं तर थरात साध्या कागदाचा एक ताव वाढवून पुन्हा फिरवा. प्लेट वाकायला लागली असेल तर दर वेळी उलटी करा.

जोडणी

पॅनलवरचे ठसे पूर्ण वाळल्यावर नाणी पुन्हा फोमसह बसवा. तुकडा नवा घ्या, सोडवलेला फोम धड चिकटत नाही. मग पॅनलच्या मागे चारही कडांना फोम टेपचे दोन थर द्या. एकच थर देणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. नाणंच साधारण दीड मिमी जाड, त्याला हलायला मोकळीक हवी. २ मिमीच्या एका थरात ते मूळ कार्डाला घासत चालतं. दोन थरांनी ४ मिमी मिळतात. मधे आधार हवा वाटला तर मजकुराच्या मागे एक पट्टी द्या, खाचेपासून दीड सेंमीच्या आत काहीही नको.

फोम टेपची कागदी पाठ काढा, पॅनल मूळ कार्डावर न टेकवता चारही बाजूंची किनार डोळ्यांनी मोजा, मग दाबा. फोम एकदा बसला की हलत नाही.

चकती पुढच्या नाण्यावर चिकटवा. संत्रं टोपलीपाशी नेऊन ठेवा आणि देठ वर येईल अशी चकती लावा. वेढे दर वेळी तंतोतंत सारखे पडतील असं नाही, पण संत्रं गोल असल्याने देठ जरा कलला तरी खटकत नाही. दहा-बारा पानं खोडाच्या वरच्या भागात फक्त बुडाशी फेव्हिकॉलचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका देऊन लावा, टोकं उचललेली राहू द्या. संत्रं सुरुवातीला जिथे असतं तिथून २ मिमीच्या आत पानाचं टोक येत नाही ना, हे फिरवून बघा. पॅनलसाठी मात्र फेव्हिकॉल नको, पाण्याने कागद फुगून खाचेची कड लाटेसारखी होते.

आपल्या हवेचं थोडं

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बहुतेक घरांत कूलर चालू असतो, आणि कूलरचा झोत दमट असतो. त्याच्यासमोर ठेवलेला आयव्हरी कागद अर्ध्या तासात एका बाजूने वळतो आणि सकाळी चालणारी खाच दुपारी अडकते. कागद कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका, काम करताना झोत दुसरीकडे वळवा. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि खाच अर्धा मिमी जास्त रुंद ठेवायला हरकत नाही. पारदर्शक शिक्के गच्चीवरच्या तापणाऱ्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत राहिले तर मऊ होऊन एकमेकांना चिकटतात.

लिफाफा

कार्ड जवळपास ८ मिमी जाड होतं, बाजारातल्या ए६ कार्डाच्या लिफाफ्यात ते ओढूनताणून बसतं आणि कोपरे दुमडतात. १७ × १२.५ सेंमीचा लिफाफा घरीच करा. पोस्टाने पाठवणार असाल तर कार्डाच्या पुढच्या बाजूवर कार्डाएवढाच पुठ्ठा ठेवा आणि वजन खिडकीवर करून मगच तिकिटं लावा. प्रवासात संत्रं आपटत राहू नये म्हणून ते झाडाखाली आणून मास्किंग टेपच्या बोटभर तुकड्याने अडकवा. टेपचं एक टोक दुमडून पकडायला जागा ठेवा आणि त्यावर पेन्सिलने लिहा: ‘हे काढा, मग कार्ड उजवीकडे झुकवा.’